पंप टकटक करतो, आकडा नाचतो: फिल्टर लांबवण्याआधी कच्चं रीडिंग बघा

सेन्सरने पाण्याची पातळी मोजून पंप चालू-बंद करणाऱ्या पॅनेलचं लक्षण असं. पाणी जागच्या जागी आहे, पण स्क्रीनवरचा आकडा वर-खाली होतो. पंप बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप लागतो, परत बंद पडतो. कोडमध्ये रीडिंगांची सरासरी घेतली (हाच फिल्टर) की दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. सरासरी आणखी लांबवली की आकडा शांत होतो, पण आता पंप वेळेवर थांबत नाही. या फेऱ्यात मी स्वतः दिवाळीपासून शिगम्यापर्यंत फिरलो, आणि कोड दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता. त्यामुळे दोष कोणाच्या माथी मारायचीही सोय नव्हती.

जागा फोंडा तालुक्यातली, सावई-वेऱ्याच्या बाजूचं एक कुळागर. उतारावर पोफळी, त्यांच्यावर चढवलेली मिरी, मधे केळी आणि जायफळ. खाली झऱ्याचं पाणी तीन फुटी रिंगांच्या विहिरीत जमतं, तिथून सिंगल फेज मोटर ते वरच्या टाकीत चढवते. विहिरीत चार ते वीस मिलिअँपिअरचा, पाच मीटर रेंजचा पातळी सेन्सर सोडलेला. पॅनेलमध्ये ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, सेन्सरच्या करंटवर १५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पिनवर ०.६ ते ३ व्होल्ट. पातळी ४० सेंमीच्या खाली गेली की पंप बंद, ४४ च्या वर आली की चालू. हे दोन आकडे लक्षात ठेवा, माझा अर्धा मूर्खपणा त्यांच्यातच आहे.

कुळागरवाल्या काकांचा पहिला फोन दिवाळीनंतर आठवड्याभरात आला. "अहो, रात्रभर टकटक टकटक. झोप नाही. मोटरीचा कपॅसिटर उडेल हां." मी म्हटलं, "काका, नॉइज असेल, फिल्टर वाढवतो." नॉइज म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेला कचरा. मी सेकंदाला १० रीडिंग घेत होतो आणि १० रीडिंगांची सरासरी काढत होतो. त्याचे ५० केले. दोन दिवस शांतता. तिसऱ्या रात्री परत टकटक, आणि कपॅसिटर खरोखरच उडाला. तो बदलला, सरासरी २०० रीडिंगांची केली. टकटक कमी झाली, पण गेली नाही. पुढे झरा बारीक झाला, पातळी भराभर उतरायला लागली आणि पंप एअर घ्यायला लागला. आकडा ४० दाखवेपर्यंत फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, उघडा पडलेला असायचा.

उशीर मोजा

दुखण्याचा दुसरा भाग, पंप उशिरा थांबण्याचा, आधी सांगतो, कारण तो सरळ हिशेबाचा आहे. 'न' रीडिंगांची सरसकट सरासरी घेतली की उत्तर (न−१)/२ रीडिंगं मागे राहतं. २०० रीडिंगं, सेकंदाला १०, म्हणजे जवळजवळ १० सेकंद उशीर. झरा आटल्यावर त्या अरुंद विहिरीतली पातळी पंप चालू असताना सेकंदाला सुमारे अर्धा सेंमी उतरत होती. १० सेकंदांत पाच सेंमी. स्क्रीनवर ४० असताना विहिरीत ३५ होते आणि मी फूट व्हॉल्व्हच्या वर तेवढी जागा ठेवलीच नव्हती. दिवाळीत झरा जोरात असल्याने पाणी हळू उतरायचं, म्हणून तेव्हा हे कळलं नाही.

म्हणून कुठलाही फिल्टर हातात घेण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: मला किती उशीर परवडतो? मोजायची वस्तू किती वेगाने बदलते आणि किती चूक चालते, यातून तो निघतो. माझ्यासाठी एक सेंमी चूक आणि अर्धा सेंमी वेग, म्हणजे दोन सेकंद. हा आकडा हाती आला की निम्मे फिल्टर आपोआप बाद होतात.

टकटक कुठून येत होती

पंपाच्या टकटकीत एक गोष्ट विचित्र होती. नॉइज म्हटलं की कसंही, वेडंवाकडं असावं. ही लाट होती. आकडा संथपणे वर जायचा, संथपणे खाली यायचा, सहा-सात सेंमी इकडे, सहा-सात तिकडे. कधी वीस सेकंदांत एक फेरी, कधी अर्ध्या मिनिटात, कधी त्याहून लांब. विहिरीत बॅटरी मारून पाहिलं तर पाणी आरशासारखं.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मार्चमध्ये केलं. लॅपटॉप घेऊन विहिरीपाशी बसलो आणि कसलाही फिल्टर न लावता, सेकंदाला १००० या वेगाने दोन सेकंदांची कच्ची रीडिंगं काढून आलेख मांडला. संथ लाट कुठेच नाही. त्याऐवजी दर २० रीडिंगांनी एक डोंगर, अगदी करवतीने कापल्यासारखे सारखे. १००० मध्ये ५० डोंगर. म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे घरातली वीज. पंप हाताने बंद केला तर डोंगर सपाट, चालू केला की परत उभे.

कारण केबलमध्ये होतं. पॅनेलपासून विहिरीपर्यंत एकच पाइप पुरला होता, त्यात मोटरची केबल आणि सेन्सरची साधी दोन पदरी वायर वीस-बावीस मीटर एकमेकींना चिकटून गेलेल्या.

मग ५० हर्ट्झची संथ लाट कशी झाली? सेकंदाला १० रीडिंगं म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना एक. तेवढ्यात विजेच्या बरोबर पाच फेऱ्या होतात. वीज नेमकी ५०.०० हर्ट्झ असती तर प्रत्येक वेळी तिचा तोच बिंदू हाती लागला असता आणि आकडा चुकीचा का होईना, पण स्थिर राहिला असता. पण आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी थोडी हलती असते, तिचा मान्य पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. ४९.९७ असेल तर प्रत्येक रीडिंगला बिंदू किंचित सरकतो आणि ०.०३ हर्ट्झची, म्हणजे ३३ सेकंदांची खोटी लाट तयार होते. ४९.९५ असेल तर २० सेकंदांची. फॅनची पाती ट्यूबलाइटखाली उलटी, संथ फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. याला एलियासिंग म्हणतात.

आता माझ्या सरासऱ्यांचा निकाल बघा. ३३ सेकंदांच्या लाटेवर ५ सेकंदांची सरासरी जेमतेम चार टक्के उंची कमी करते. २० सेकंदांची सरासरी निम्मी करते. ते दोन दिवस फिल्टरमुळे बरे गेलेच नव्हते. रीडिंग घेताना खोटी लाट एकदा आत शिरली की ती खऱ्या पातळीसारखीच दिसते. तिला नंतर कुठलाही फिल्टर वेगळं काढू शकत नाही, त्याचं नाव कितीही भारी असो.

आणि टकटक? पंप लागला की मोटरच्या केबलमधून नॉइज, नॉइजमुळे लाट, लाट ४० च्या खाली गेली की पंप बंद. पंप बंद झाला की नॉइजही गायब, आकडा लगेच खऱ्या ४६ वर, तो ४४ पेक्षा जास्त, म्हणून पंप चालू. माझं पॅनेल स्वतःच्याच शेपटीमागे धावत होतं.

तुमच्याकडे हेच आहे का, हे कसं ओळखायचं

लॅपटॉप-आलेखाची सोय नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. रीडिंगांचा वेग सेकंदाला १० वरून ९ करा. पाण्याची खरी लाट असेल तर ती तशीच राहील, तिला तुमच्या घड्याळाशी काय देणंघेणं. पण ५० हर्ट्झची खोटी लाट असेल तर ती संथ न राहता सेकंदाला चार वेळा थरथरायला लागेल, कारण ९ चा सहापट ५४, आणि ५० पासून त्याचं अंतर ४. वेग बदलल्यावर लाटेचा ताल बदलला, की समजा लाट पाण्यात नाही, मोजण्यात आहे.

एक अट मात्र आहे: रीडिंग टायमरवर घेतलेलं हवं. कोडमध्ये नुसता १०० मिलिसेकंदांचा डिले टाकून बाकीचं काम त्यानंतर केलं, तर खरा वेग १० नसतो, ९.९ किंवा ९.७ असा काहीतरी असतो, आणि खोटी लाट भलत्याच तालात येते. वेळेचं गणित कुठेच जुळत नसेल तर आधी डिलेकडे बघा.

दुसरी परीक्षा: आजूबाजूची यंत्रं एकेक करून बंद करा. पंप, ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर. होय, चार्जरसुद्धा. स्वस्तातला चार्जर ईएसपी३२ ला जोडलेला असेल तर बऱ्याचदा चोर घरातच असतो.

इलाज, ज्या क्रमाने केला त्या क्रमाने

वायर पहिली. सेन्सरला वेगळा पाइप, मोटरच्या पाइपापासून फूटभर लांब, शिल्डेड (वरून धातूचं आवरण असलेली) केबल, आणि शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केलेली. दोन्ही टोकांना अर्थ केली तर दोन अर्थिंगांमधल्या फरकाचा करंट शिल्डमधूनच फिरतो आणि नवीन दुखणं सुरू होतं. शिवाय ईएसपी३२ च्या पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एवढ्यानेच डोंगरांची उंची एकदम खाली आली. काकांना मात्र वाटत होतं की मी कोड नीट करायचा सोडून चर खणत बसलोय.

मग रीडिंग घेण्याची पद्धत. आता टायमरवर सेकंदाला १००० रीडिंगं घेतो आणि १०० रीडिंगांची सरासरी करून त्याचा एक आकडा पुढे पाठवतो. १०० रीडिंगं म्हणजे १०० मिलिसेकंद, म्हणजे विजेच्या पाच पूर्ण फेऱ्या. पूर्ण फेरीची सरासरी घेतली की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खातात आणि शून्य उरतं. हेच १०० आणि १५० हर्ट्झलाही लागू पडतं, कारण त्यांच्याही पूर्ण फेऱ्याच होतात. ग्रिड ४९.९५ वर असली तरी नॉइजचा हजारातला एखादा हिस्सा उरतो. सरासरी काढायचीच असेल तर तिची लांबी २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा. ६४ किंवा १२८ रीडिंगं कोडमध्ये सोयीची वाटतात, पण विजेला तुमच्या सोयीचं काय.

५० हर्ट्झसाठी नॉच फिल्टर, म्हणजे फक्त तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा, सुचवणारे पुष्कळ भेटतात. हृदयाच्या ईसीजीत, जिथे खरा सिग्नल ५० च्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, तिथे तो हवाच. विहिरीच्या पाण्यात ५० हर्ट्झच्या आसपास जपण्यासारखं काहीच नाही.

त्यानंतर मीडियन. सेकंदाला येणाऱ्या १० आकड्यांपैकी शेवटचे पाच घ्यायचे, लहान-मोठे लावायचे, मधला उचलायचा. मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर ओढताना किंवा सोडताना जो एकच ठोका येतो, तो यात साफ निघून जातो. पाचांत दोन आकडे बिघडलेले असले तरी मधला शाबूत राहतो. सरासरीला हे जमत नाही. एकच रीडिंग ४००० आलं तरी सरासरी ते सगळ्यांमध्ये वाटून टाकते, ठोक्याचं टेकाड होतं आणि ते सरासरीच्या लांबीइतका वेळ टिकतं. म्हणून ठोके असतील तर मीडियन आधी, गुळगुळीत करणारा फिल्टर नंतर. उलट क्रम लावलेले प्रोग्रॅम मी इतके पाहिलेत की आता पहिल्यांदा तेच तपासतो.

शेवटी साधा एक्स्पोनेन्शियल फिल्टर: नवं = जुनं + क × (रीडिंग − जुनं). एक ओळ, एक आकडा लक्षात ठेवायचा. 'क' मनाला येईल तो ०.१ किंवा ०.२ ठेवू नका. आधी किती सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट हवा, म्हणजे फिल्टर नव्या आकड्याकडे किती वेळात वळायला हवा, ते ठरवा, मग क = दोन रीडिंगांमधला वेळ ÷ (टाइम कॉन्स्टंट + तोच वेळ). मी एक सेकंद धरला, म्हणून ०.१ ÷ १.१, म्हणजे ०.०९. पुढे कधी रीडिंगांचा वेग सेकंदाला १० चा १०० केलात आणि 'क' तसाच ठेवलात, तर फिल्टर दहापट उतावळा होतो. "कोड तोच आहे, मग आता का नाचतोय" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

एकूण उशीर: सरासरीचा ०.०५ सेकंद, मीडियनचा ०.२, शेवटच्या फिल्टरचा १. मिळून सव्वा सेकंद. अर्ध्या सेंमीच्या वेगाला साधारण ०.६ सेंमी चूक. परवडलेल्या दोन सेकंदांच्या आत.

आणि सर्वांत मोठा इलाज, जो फिल्टरच नाही. बंद ४० ला, चालू ९० ला, आणि एकदा बंद झाला की पाच मिनिटं काहीही झालं तरी लागायचं नाही. चार सेंमीच्या फटीत पंप नाचवायचा आणि मग फिल्टरकडून शांततेची अपेक्षा धरायची, ही माझी चूक होती. हे तीन आकडे पहिल्या दिवशी नीट घातले असते तर नॉइज राहिला असता, पण कपॅसिटर वाचला असता.

फिल्टर बरोबर, तरी आकडा चुकतो

वीज गेली आणि आली की 'विहीर कोरडी' म्हणून पंप बंद राहतो? फिल्टरमधलं 'जुनं' शून्यापासून सुरू होतंय. एक सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट असला तरी शून्यापासून खऱ्या आकड्याजवळ पोचायला साडेचार-पाच सेकंद जातात, तोपर्यंत प्रोग्रॅमला विहीर कोरडी दिसते. पहिलं रीडिंग सरळ 'जुनं' मध्ये भरा. मीडियनच्या पाचही घरांत तेच.

आकडा खऱ्या पातळीच्या थोडा अलीकडेच अडकून बसतो? पूर्णांकातला भागाकार. क म्हणून १/१६ घेतला आणि सगळं इंटिजरमध्ये ठेवलं, तर १६ पेक्षा कमी फरकाला भागाकार शून्य येतो आणि फिल्टर हलतच नाही. माझ्या जुळणीत एका सेंमीला साधारण ६ काउंट (एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या, पायऱ्या) पडतात, म्हणजे अडीच सेंमी चूक कायमची. फ्लोट, म्हणजे दशांश आकडे, वापरा. ईएसपी३२ ला तेवढं सहज जमतं.

वाय-फाय चालू केल्यावर रीडिंग बंद पडतं? तो नॉइज नाही. ईएसपी३२ चा दुसरा एडीसी वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. सेन्सर पहिल्या एडीसीच्या पिनवर घ्या.

तुटलेली वायर फिल्टरच्या मागे लपू देऊ नका. चार-वीसच्या सेन्सरचा करंट ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला तर ती पातळी नव्हे, बिघाड. ही तपासणी फिल्टरच्या आधी. तसंच आवाजाने अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरने प्रतिध्वनी न मिळाल्यावर दिलेलं ० किंवा −१ फिल्टरमध्ये सोडायचं नाही. आणि फ्लोटमध्ये एकदा 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण, आत गेला की एक्स्पोनेन्शियल फिल्टर त्यातून कधीच बाहेर येत नाही, बोर्ड रीसेट करेपर्यंत.

"कालमन लावू का?"

हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो, बहुतेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून. लावा, पण काय लावताय ते कळू दे. रुडॉल्फ कालमनने १९६० मध्ये मांडलेली फिल्टरची पद्धत तेव्हा कमाल दाखवते जेव्हा वस्तू कशी हालणार याचं गणित तुमच्याकडे असतं, किंवा दोन सेन्सर एकमेकांची उणीव भरून काढतात, फिरणं मोजणारा जायरो आणि प्रवेग मोजणारा अॅक्सिलरोमीटर यांच्यासारखे. एकच पातळी सेन्सर आणि "पातळी जवळपास तिथेच राहते" एवढंच गणित असेल, तर कालमनचा गेन, म्हणजे नव्या रीडिंगला दिलेलं वजन, थोड्या वेळात एका आकड्यावर स्थिरावतो. मग तुम्ही लिहिलेलं असतं ते वरचंच एका ओळीचं समीकरण, फक्त चाळीस ओळींत.

बटरवर्थ फिल्टर, ज्याचा मूळ लेख १९३० चा, तो तेव्हा घ्या जेव्हा हवं ते आणि नको ते फ्रिक्वेन्सीत जवळजवळ आहेत आणि कडा तीव्र हवी आहे. मात्र दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ एकदम उडी आली की खऱ्या आकड्याच्या चार टक्के पुढे जाऊन मागे येतो. पंप थांबवायच्या मर्यादेजवळ ही पुढे जायची सवय नडते.

आणखी एक फसवणूक: लॅपटॉपवर पायथनमध्ये फिल्टर लावला, आलेख सुंदर, उशीर शून्य, तोच बोर्डवर घातला की उशीर उगवतो. फंक्शन कोणतं वापरलं ते बघा. फिल्टफिल्ट डेटावरून एकदा पुढे, एकदा मागे फिरतो, म्हणून उशीर खोडला जातो. मागे फिरायला पुढची रीडिंगं आधीच हाताशी लागतात. विहिरीपाशी उद्याचं रीडिंग आज मिळत नाही.

उशीर महाग, उशीर स्वस्त

डिचोलीच्या बाजूला एका काजूच्या पॅकिंगला हाच घोळ उलट्या बाजूने बघितला. वजन मोजणारा लोडसेल, त्याचं रीडिंग घेणारी एचएक्स७११ चिप, सेकंदाला १० रीडिंगं, त्यावर कोणीतरी २० ची सरासरी ठेवलेली. काटा देखणा, स्थिर. पण पाव किलोच्या प्रत्येक पाकिटात जास्तीचे काजूगर. भरण्याचा वेग सेकंदाला २५ ग्रॅमच्या आसपास, उशीर ०.९५ सेकंद, म्हणजे पाकिटामागे जवळजवळ २४ ग्रॅम फुकट. काजूचे भाव बघता मालकाचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको.

तिथे एका फिल्टरने दोन कामं करायचा हट्ट सोडला. भरताना चिप सेकंदाला ८० वर चालवली आणि फक्त ८ रीडिंगांची सरासरी घेतली, उशीर ०.०४ सेकंदाच्या थोडा वर, चूक ग्रॅमभर. माल सोडणारा फीडर थांबला की हवेत असलेला माल पडून जाऊ द्यायचा, मग सेकंदभर थांबून लांब सरासरीने शेवटचं वजन लिहायचं. कापायला चपळ, लिहायला शांत. १० च्या मोडमध्ये चिपला स्वतःलाच स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, ८० मध्ये ५०. त्यामुळे नुसती सरासरी कमी करून काम झालं नसतं.

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातल्या, मानशीपाशी (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) मात्र उशीर जवळजवळ फुकट मिळतो. भरती-ओहोटीची फेरी १२ तास २५ मिनिटांची. पाणी दोन मीटर चढायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ घेतं, म्हणजे मिनिटाला अर्धा सेंमी. तिथे एका मिनिटाच्या रीडिंगांचा मीडियन आणि त्यावर पाच मिनिटांची सरासरी खुशाल लावा. होडी गेल्यावरच्या लाटा, वारा, मासळीची उडी, सगळं त्यात मुरतं. इथे लाट खरी असते, पण मला ती नको असते, म्हणून तीही नॉइजच.

याच ठिकाणी अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर एक चूक कुठल्याच फिल्टरने जाणार नाही. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर दर अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद बदलतो. पाणी मीटरभर खाली असताना पहाट आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक पडला तर आकडा पावणेदोन सेंमी सरकतो, तोही अगदी शांतपणे. त्याला तापमानाचा सेन्सर आणि एक गुणाकार लागतो.

मीडियनने किती रीडिंगं फेकली, याची मोजणी मी आता प्रत्येक बोर्डवर ठेवतो आणि कच्चा आकडा फिल्टर केलेल्याच्या शेजारच्या रकान्यात लिहितो. मानशीवरच्या बोर्डात फेकलेल्यांची संख्या दिवसा जवळपास शून्य असायची आणि रात्री आठनंतर चढायची. फिल्टर झालेला आकडा इतका सुरेख होता की मोजणी नसती तर कळलंही नसतं. जाऊन पाहिलं तर सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं, आणि दिव्याखालचे किडे पकडायला तो रोज तिन्हीसांजेला तिथे येऊन बसायचा.